गोल टाकीच्या लिटरचा तो फॉरवर्ड चुकलाय
सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय ना, की गोल टाकीचा व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, त्याला २८.३ ने गुणलं की लिटर मिळतात, ते चूक आहे. २८.३ बरोबरच आहे, एका घनफुटात तेवढे लिटर मावतात, पण व्यास गुणिले व्यास केलं की चौकोनी टाकीचं माप येतं ओ, गोल टाकीला ते चार कोपरे असतात कुठे? त्रिज्या घ्या, म्हणजे व्यासाचा निम्मा, त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले उंची. ४ फूट व्यास, ५ फूट उंची असेल तर ६२.८ घनफूट, म्हणजे १७७७ लिटर, फॉरवर्डवाले २२६४ सांगतात! आणि उंची झाकणापर्यंत नाही, ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतच धरा, वर पाणी चढतच नाही.