‘पेशंटशी नातं?’

गेल्या पावसाळ्यात दादाच्या पोटात अचानक कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे होते आणि इन्फेक्शन पसरलं होतं. रात्री अकराला त्याला ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात नेलं ते गेली १९ वर्षं त्याच्यासोबत एका घरात राहणाऱ्या माणसाने. सकाळी ऑपरेशन ठरलं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरायला घेतला. पेशंटशी नातं? तो म्हणाला, मित्र. ती म्हणाली, मित्र नाही चालणार, रक्ताचं कुणीतरी बोलवा.

मग मी नाशिकहून निघाले. पहाटेचा कसारा घाट, पाऊस, पुढचा ट्रकसुद्धा दिसत नव्हता. साडेसातला पोचले. फॉर्मवर प्रश्न होते: कुठल्या औषधाची ॲलर्जी? बीपीची गोळी कोणती, किती पॉवरची? याआधी कधी भूल दिली होती का? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. तो शेजारी उभा राहून सांगत गेला आणि मी लिहीत गेले. खाली सही माझी. नात्यासमोर ‘बहीण’.

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल तर त्याची स्वतःची संमती पुरते, हे नंतर एका वकील मैत्रिणीने सांगितलं. पण रात्री अकरा वाजता काउंटरवर कायदा कोण काढून बसतो?

तर, माझा दादा समलिंगी आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा चारचौघांत लिहितेय, त्याला विचारून. ‘लिही की,’ म्हणाला, ‘फक्त फोटो टाकू नकोस, हल्ली पोट दिसतं.’

आमच्या घरात याबद्दल कुणालाच काही प्रॉब्लेम नाही. हे वाक्य आम्ही इतकी वर्षं अभिमानाने म्हणत आलो. आई दरवर्षी गोडा मसाला आणि मेतकूट दोन-दोन पुड्या करून पाठवते. गणपतीला दोघं येतात, मोदकाच्या पाऱ्या दादाचा जोडीदारच सगळ्यांत सुबक करतो. माझी लेक त्याला काका म्हणते. आई त्याला अजूनही अहो-जाहो करते. अर्थात जावयालाही ती अहो-जाहोच करते, त्यामुळे त्यातून काय समजायचं ते मला कळत नाही.

प्रॉब्लेम नाही, कारण त्या नात्याला आम्ही कधी नावच दिलं नाही. चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका ठाण्याला गेली ती एकट्या दादाच्या नावाने. लग्नात त्याची ओळख कशी करून दिली? ‘हे दादाचे मित्र, ठाण्याला असतात.’ आहेराच्या वेळी त्याला शर्टपीस द्यायचा की नाही यावर माझी आणि आईची चांगली जुंपली. ‘द्यायला काही नाही गं, पण लोक विचारतील ना, यांना कशाबद्दल?’ शेवटी दिला, पण मांडवात नाही, खोलीत नेऊन, पिशवीतून. त्याने वाकून आईच्या पाया पडून तो घेतला. मला तेव्हा आपण किती सुधारलेले असं वाटलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

साडूला शब्द आहे, व्याह्याला आहे, दोन जावांच्या नात्यालाही आहे. भावाच्या जोडीदाराला नाही. नसेना का, पण मग आम्ही ‘मित्र’ हा शब्द वापरला आणि काउंटरवरच्या मुलीने तोच वापरला. तिच्यावर चिडायचा मला काय अधिकार? तिने आमचंच वाक्य लिहून घेतलं.

६ सप्टेंबर २०१८ आठवतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध सुप्रीम कोर्टाने वगळले तो दिवस. १८६० साली इंग्रजांनी लिहिलेलं कलम. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्याचा काच काढला, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा आवळला. बातम्या सुरू होत्या आणि आईने टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही केला, कमी केला. न्या. इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात लिहिलं की इतिहासाने या समुदायाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची का बरं? आमच्या घरापुरतं बोलायचं तर माफी आम्ही मागायला हवी.

शाळेत पोरं दादाला बायल्या म्हणायची तेव्हा मीही हसले होते. पुढे बाबा असेपर्यंत कांदेपोहे चालूच होते. एका मुलीशी तर सुपारी फोडण्यापर्यंत आलं. दादाने आदल्या आठवड्यात नकार कळवला आणि घरात महिनाभर कुणी त्याच्याशी बोललं नाही. ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होतं’ असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. कुणाचं सुरळीत? त्या मुलीचा विचार त्या दोन्ही घरांत दादा सोडून कुणीही केला नव्हता.

कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच की हे सगळं पाश्चात्त्य फॅड. त्यांच्यासाठी: र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत, त्यांत समलिंगी संबंधांचेही प्रश्न होते. म्हणजे तेव्हाही मराठी घरांतून कुणीतरी पोस्टाने हे विचारत होतं. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. नव्वद वर्षं होऊन गेली. बाबासाहेबांना भर कोर्टात जे बोलायला संकोच वाटला नाही, ते बोलायला आम्ही आवाज कमी करतो.

दुसरा आवडता प्रश्न: एकत्र राहतात ना सुखाने, मग लग्नाचा हट्ट कशाला? ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी लग्न हा मूलभूत हक्क नाही असं सांगितलं. लग्न नको, निदान नात्याला काही कायदेशीर मान्यता, तर तेही तीन विरुद्ध दोन असं फेटाळलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात सरकारने समिती नेमली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये काही सूचना निघाल्या. जॉइंट खातं उघडता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरावं. चांगलं झालं, खरंच. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं त्यातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. म्हणजे मी कसारा घाटात अडकले असेन तर.

आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे आपल्याकडे भल्याभल्यांना माहीत नसतं. ठाण्याचा फ्लॅट दादाच्या एकट्याच्या नावावर आहे, कारण कर्ज काढताना दोघांनी अर्ज केला तेव्हा बँकेनेही हेच विचारलं होतं: नातं काय? हप्ते मात्र पहिल्यापासून निम्मे-निम्मे. उद्या दादाला काही झालं आणि कागद केलेला नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने ते घर आईचं, आणि आईनंतर माझं. ज्या घराच्या पडद्यांचा रंगसुद्धा मला सांगता येणार नाही, त्याची मी वारस. ज्याने हप्ते भरले तो पाहुणा. मी चांगली आहे म्हणून त्याला राहू देईन, हे सगळे गृहीत धरतात. पण तो माझ्या चांगुलपणावर का राहील? आणि माझी मुलं? त्यांचे नवरे-बायका?

नवरा-बायकोला यातलं काहीच करावं लागत नाही. सप्तपदी झाली, नोंदणी झाली, बाकी कायदा बघून घेतो. या दोघांना एकेका गोष्टीसाठी एकेक कागद.

म्हणून सध्या मी मृत्युपत्राच्या मागे लागले आहे. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. साक्षीला मी आणि माझा नवरा तयार आहोत. मसुदा वकील मैत्रिणीने करून ठेवलाय, दादाच्या व्हॉट्सॲपवर पडून आहे. त्याने आधी सांगितलं गणपती होऊ देत, मग म्हणाला दिवाळी होऊ दे. काल फोन केला तर म्हणतो, ‘जरा मार्च एंड जाऊ दे गं.’ मागून आवाज आला, ‘मागच्या मार्चलाही हेच म्हणाला होता.’