माळ्यावर फळ्या ठोकल्या म्हणजे खोली झाली?

‘माळ्यावर फळ्या ठोका, गादी टाका, झाली खोली, एवढ्या ट्रंका पेलतो तर माणूस का नाही पेलणार?’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. उतरत्या छपराखालच्या माळ्याच्या तुळया बहुतेकदा खालचं छत आणि थोडं सामान धरण्यापुरत्याच असतात. हिशेब साधारण चौरस मीटरला 25 किलोंचा. राहत्या खोलीला निदान 150 लागतात. म्हणजे भार घेणाऱ्या भिंतींवर टेकलेल्या नव्या, जाड तुळया आल्याच. आणि कैचीचे, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचे, तिरके दांडे? डोकं आपटतं म्हणून लोक सरळ करवत चालवतात! एक कापला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, छप्पर खचू शकतं. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. शिडीही सामानापुरतीच ठीक. झोपायच्या खोलीला पक्का जिना हवा, आग लागली तर उतरणार कसं?