खुलासा : ‘अप्रसिद्ध पाइन कुठेही लावा, दुप्पट वाढ घ्या’

पायनस टेकुनुमानी आणि पायनस मॅक्सिमिनोई या जाती कुठल्याही जमिनीत नेहमीच्या पाइनच्या दुप्पट वाढतात, असा मेसेज फिरतो आहे. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या या जाती कोलंबिया, दक्षिण आफ्रिका इथल्या चाचण्यांत खरोखर जोमाने वाढल्या. पण कडाक्याचं दहिवर दोन्हींना सोसत नाही. टेकुनुमानीचा शेंडा वाऱ्याने मोडतो, ही जुनी तक्रार. मग तिची किंमत कशात? पॅटुला या रुळलेल्या जातीला फ्युझेरियम बुरशी छळते. टेकुनुमानी, विशेषतः कमी उंचीवरच्या बियाण्याची, तिला बरीच दाद देत नाही. म्हणून दक्षिण आफ्रिकेत दोघींचा संकर लावतात. पण दहिवर आणि वाऱ्यापुढे ‘कुठेही’ हा शब्द गळून पडतो.

उलट टोकाचं ‘अप्रसिद्ध म्हणजे निरुपयोगी’ हेही चूक. रेडिएटा ही पाइनचीच जात मूळची कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन छोट्या पट्ट्यांतली आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवरची. तरीही न्यूझीलंडमध्ये तिची लागवड होते आणि ती साधारण 25 ते 30 वर्षांत तोडणीला येते.

‘दुप्पट’वाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.