कमी किलोमीटर म्हणजे निर्धास्त गाडी नव्हे

‘४०,००० किलोमीटरच्या आत चाललेली जुनी आलिशान सेदान निर्धास्त घ्यावी’ हे एका लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. मर्सिडीझच्या एस-क्लाससारख्या गाड्यांना लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे सस्पेन्शन असते आणि त्यातील रबराच्या पिशव्या किलोमीटरने नव्हे, तर वयाने जुन्या होतात. गाडी वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये उभी असली तरी रबराला चिरा पडतात, आणि हवा गळू लागली की ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जळतो. मी मुंबईहून अशीच एक कमी चाललेली एस-क्लास आणली. कसारा घाट ती अगदी डौलात चढली, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या घरासमोर पाहतो, तर पुढची डावी बाजू इतकी बसलेली, की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटही शिरेना. विक्रेत्याने मी पोहोचण्याआधीच इंजिन सुरू करून ठेवले होते, हे मला तेव्हा आठवले; इंजिन चालू असले, की कॉम्प्रेसर हवा भरून गाडी उचलून धरतो आणि गळती दिसत नाही.

त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन थंड असतानाच पाहण्याचा आग्रह धरावा आणि चारही मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. टायर कधी बनला हे सांगणारे त्यावरील चार आकडेही वाचावेत. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. सर्व्हिसच्या नोंदी मात्र विक्रेत्याच्या फाइलवर विसंबून न राहता, चॅसी क्रमांक देऊन अधिकृत केंद्रातूनच पडताळून घ्याव्यात.