लंडनचा महापौर आणि आमच्या ग्रुपवरचा शरिया

काही महिने गेले की तो मेसेज पुन्हा उगवतो. ‘लंडनचा महापौर पाकिस्तानी मुस्लिम, बर्मिंगहॅमचा मुस्लिम, शेफील्डचा, लुटनचा, ओल्डहॅमचा मुस्लिम...’ मग ‘ब्रिटनमध्ये १३०हून जास्त शरिया न्यायालयं’, ‘प्रत्येक शाळेत इस्लामचे धडे सक्तीचे’. आमच्या ग्रुपवर परवा एका काकांनी टाकला आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. म्हणून हे एकदाच सविस्तर.

आधी यादी. तिची मेख ‘महापौर’ या शब्दात आहे. बर्मिंगहॅम, शेफील्डचे लॉर्ड मेयर नगरसेवकांनी वर्षभरासाठी निवडलेले असतात. गळ्यात साखळी घालायची, सभा चालवायची, फिती कापायच्या. मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नसावी. आपल्याकडेही महापौरांना मान असतो आणि चाव्या आयुक्तांकडे. शेफील्डला २०१८ साली माजिद माजिद लॉर्ड मेयर झाले. सोमालियात जन्मलेला, ग्रीन पक्षाचा पोरगेला माणूस. पद मिळाल्यावर उकिडवा बसून फोटो काढला, तोच जगभर गाजला. वर्ष संपलं, साखळी दुसऱ्याच्या गळ्यात गेली. याला ‘शहर ताब्यात घेणं’ म्हणायचं?

लंडनचं मात्र वेगळं. तिथला महापौर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि त्याच्याकडे खरे अधिकार असतात: बस, मेट्रो, पोलिसांचं बजेट, घरबांधणी. सादिक खान २०१६, २०२१ आणि २०२४ असे तीनदा निवडून आले. पहिल्या वेळी दुसऱ्या पसंतीची मतं धरून जवळजवळ ५७ टक्के, तिसऱ्या वेळी जवळजवळ ४४ टक्के. २०२१च्या जनगणनेनुसार लंडनमध्ये मुस्लिम १५ टक्के. बाकीची मतं कुठून आली, हे काकांनीच सांगावं.

‘पाकिस्तानी’? खान यांचा जन्म १९७०चा, दक्षिण लंडनमधल्या टूटिंगचा. वडील बस ड्रायव्हर, आई शिवणकाम करायची, आठ भावंडं, कौन्सिलचा, म्हणजे पालिकेने भाड्याने दिलेला फ्लॅट. आई-वडील पाकिस्तानातून आले हे खरं. पण आजी-आजोबा फाळणीनंतर लखनौहून तिकडे गेलेले. पोरगा मानवी हक्कांचा वकील झाला, नगरसेवक झाला, २००५ साली खासदार.

आता शरिया. सप्टेंबर २०२५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून ट्रम्प यांनीही लंडन शरियाकडे चाललंय असं ऐकवलं, त्यामुळे मेसेजला नवी धार आली. ब्रिटनमध्ये शरिया कौन्सिलं आहेत, नाही असं नाही. बहुतेक प्रकरणं धार्मिक तलाकाची. त्यांच्या निवाड्याला कायद्याचं बळ नाही. तिथे बायकांना न्याय मिळतो का, हा रास्त प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण कायदे करते संसद. महापौराला ते बदलता येत नाहीत. आणि हे गृहस्थ तरी कोण? २०१३ साली समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिलं म्हणून ठार मारण्याच्या धमक्या आलेले. महापौरपदाची शपथ त्यांनी सदर्क कॅथीड्रलमध्ये, म्हणजे चर्चमध्ये घेतली, आणि लगेच ज्यू हत्याकांडाच्या स्मृतिसभेला हजर राहिले.

शाळांचं दोन ओळींत: इंग्लंडमध्ये धर्मशिक्षणात अनेक धर्म शिकवतात, भर ख्रिस्ती परंपरेवर असतो, आणि पालक मुलाला त्या तासातून काढून घेऊ शकतात.

गंमत म्हणजे खान यांच्यावर लंडनकर मनापासून चिडतात ते धर्मावरून नव्हे, गाडीवरून. जास्त धूर ओकणारी जुनी गाडी चालवली की दिवसाला साडेबारा पौंड. या धूरबंदी क्षेत्राची कल्पना आधीच्या महापौरांची, बोरिस जॉन्सन यांची. पण ऑगस्ट २०२३मध्ये ते अख्ख्या लंडनभर नेलं खान यांनी. जुन्या व्हॅनवर पोट असलेल्या सुताराला, प्लंबरला ते जड गेलं. त्याच वर्षी जुलैत लंडनमधल्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक खान यांचा मजूर पक्ष ४९५ मतांनी हरला, आणि खापर यावरच फुटलं. चाकूहल्ल्यांवरूनही त्यांना धारेवर धरतात. मला विचाराल तर धूरबंदी बरोबर होती, गरिबांना सांभाळून घेण्यात ते कमी पडले. टीका करायचीच तर इथे करा. दुसऱ्या बाजूला, पहिल्या बसचं भाडं भरलं की तासाभरात पुढच्या बसा फुकट, ही सोयही त्यांचीच. सरकारी प्राथमिक शाळांत सगळ्या मुलांना मोफत जेवणही त्यांनीच सुरू केलं.

२०१७च्या डिसेंबरात ते मुंबई, दिल्ली करून अमृतसरला गेले. जालियनवाला बागेत उभं राहून म्हणाले, ब्रिटिश सरकारने आता माफी मागावी. मग वाघा सीमा पायी ओलांडून लाहोरकडे. काकांना त्या भेटीचा फोटो पाठवला आहे. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसताहेत, उत्तर अजून नाही.