मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होत नाही : नैसर्गिक रंगांवरील एका संदेशाचा प्रतिवाद

गोव्यातील महिला मंडळांच्या, भजनी पथकांच्या आणि शाळेतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : बीट, हळद किंवा भिरंडाची (कोकमाची) साले पाण्यात उकळून त्यात मीठ व व्हिनेगर घातले की कापडाला कायमचा रंग चढतो, आपल्या आज्यांची लुगडी याच रंगांची होती, म्हणून ती वर्षानुवर्षे फिकी पडली नाहीत, वनस्पतींचा रंग अंगाला आणि पाण्याला कधीच अपाय करीत नाही, उलट बाजारातील प्रत्येक रासायनिक रंगाने कर्करोग होतो, रंग पाण्यात उतरला तर कापड बनावट समजावे, फाटलेला कपडा जाड नायलॉनच्या दोऱ्याने हाताने शिवला की तो नव्याहून मजबूत होतो, आणि म्हणून कपाटातील सगळे ‘केमिकल’ कपडे आजच बाहेर काढावेत.

हातशिवण, वनस्पतिजन्य रंगाई आणि जुन्या कापडाची दुरुस्ती हे माझे रोजचे काम आहे आणि या कलांकडे लोक वळावेत असे मला मनापासून वाटते. नेमके त्यामुळेच हा संदेश मला घातक वाटतो. तो वाचून जी बाई पहिल्यांदा पातेले चुलीवर ठेवील, तिची ओढणी दोन-चार धुण्यांत उतरेल आणि चूक कृतीची होती हे न कळल्यामुळे ती या कलेवरच फुली मारील.

सर्वांत मोठी चूक त्या कृतीतच आहे. बीटाचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे दिसतो, ती उष्णतेने आणि उजेडाने विघटित होतात आणि सुताच्या तंतूशी त्यांचे नातेच जुळत नाही. ती कापडावर नुसती बसलेली असतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. भिरंडाची गोष्ट तर आपल्याकडे कोणत्याही घरात पाहता येते. मे महिन्यात भिरंडे फोडताना पांढऱ्या कपड्यावर उडालेला गर्द लाल डाग साबण लागताच निळसर-करडा होतो, कारण त्यातील रंगद्रव्य आंबटात लाल असते आणि खारात निळ्या-हिरव्या छटेकडे जाते. प्रत्येक धुण्याला ज्याची छटा पालटते, त्याला पक्का रंग म्हणता येणार नाही. हळद मात्र सुताला कशाच्याही मदतीशिवाय धरते, आणि तिथेच लोक फसतात. धुण्याला ती बरी टिकते, साबणाने तांबूस झाली तरी लिंबाने पुन्हा पिवळी होते; परंतु उन्हापुढे तिचे काही चालत नाही आणि गोव्याच्या उन्हात दोरीवर वाळत घातलेले हळदीचे कापड थोड्याच दिवसांत फिके पडते.

मीठ आणि व्हिनेगर यांचे काम वेगळेच आहे. कारखान्यातील काही रंगांत मीठ घालतात, ते रंगद्रव्य पाण्यातून तंतूकडे ढकलण्यासाठी. लोकर आणि रेशीम रंगवताना आम्लाचा उपयोग होतो, कारण ते प्राणिज तंतू आहेत. सूत हा वनस्पतीचा तंतू आहे. त्यावर हळदीसारखे अपवाद सोडून बहुतेक वनस्पतिजन्य रंग बसवायचे तर मध्ये रंगबंधक, म्हणजे रंगाला तंतूशी बांधून ठेवणारे द्रव्य, लागतो, आणि आपल्या देशात शतकानुशतके ते काम तुरटीने केले आहे. तीही सुतावर एकटी नीट बसत नाही, म्हणून आधी हिरडा द्यावा लागतो. क्रम असा असतो : कापड सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातील खळ व मेण काढायचे, नाहीतर पुढचे सगळे श्रम वरवर राहतात, मग ते हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचे, तेव्हा ते फिकट पिवळसर दिसते आणि हाताला किंचित करकरीत लागते, त्यानंतर कापडाच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तुरटीच्या पाण्यात ठेवायचे, आणि शेवटी मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या एका वेलीच्या मुळांच्या, काढ्यात मंद आचेवर फिरवत राहायचे. गडद लाल हवा असेल तर कापडाच्या वजनाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत मंजिष्ठ लागते, म्हणजे अर्ध्या किलोच्या साडीला पाव ते अर्धा किलो मुळे. त्याच हिरड्याच्या कापडाला तुरटीऐवजी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, दिला तर ते करडे-काळे होते, त्यामुळे खाणपट्ट्यात जिथे विहिरीच्या पाण्यात लोह असते तिथे पिवळा रंग अचानक मळकट झाला तर दोष रंगाचा नसून पाण्याचा असू शकतो. जिला सोपी सुरुवात हवी तिने दसऱ्यानंतर तोरणांतला झेंडू गोळा करावा आणि याच पद्धतीने हिरडा-तुरटी दिलेल्या कापडावर तो वापरावा. बीटापेक्षा तो कितीतरी अधिक प्रामाणिकपणे टिकतो.

आज्यांच्या लुगड्यांविषयीचे विधान भावनेला धरून आहे, इतिहासाला धरून नाही. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला गाजलेला कृत्रिम रंग तयार केला; मंजिष्ठेच्याच कुळातील युरोपी वनस्पतीचे लाल रंगद्रव्य, अलिझरिन, १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनले आणि लवकरच कारखान्यातून बाजारात आले; कृत्रिम नीळ १८९७ पासून विकली जाऊ लागली. त्यामुळे १९४० किंवा १९५० साली बाजारातून आणलेले लाल लुगडे कारखान्याच्या रंगाचे असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि ते आजही लालभडक दिसत असेल तर त्याचे श्रेय बीटाला देता येणार नाही. कुणबी साडीच्या लाल चौकटींविषयीही हे तांत्रिक सत्य लक्षात घ्यावे की चौकट विणायची तर सूत विणण्याआधीच रंगवावे लागते आणि ते शेजारच्या धाग्यावर उतरता कामा नये. असा रंग स्वयंपाकघरातल्या उकळीने साधत नाही. गोव्याचे वेशभूषाकार (फॅशन डिझायनर) वेंडेल रॉड्रिक्स यांनी या कापडाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, तीही हातमाग विणकरांच्या कौशल्याच्या बळावर.

याचा अर्थ जुने वनस्पतिजन्य रंग कच्चे होते असा मुळीच नाही. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर मंजिष्ठवर्गीय लाल रंग सापडला आहे. इजिप्तमध्ये कैरोजवळच्या फुस्तात येथे मिळालेली मध्ययुगीन गुजराती छापील कापडे अजूनही लाल आणि निळी दिसतात. परंतु ते काम पिढीजात रंगाऱ्यांचे होते. तुरटीचे प्रमाण, पाण्याचा गुण, कितव्या बुडवणीला थांबायचे, हे सारे त्यांच्या हातांत होते. संदेशाने त्यांचे श्रेय काढून घेऊन ते चमचाभर मिठाला दिले, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे विधान गोव्यात तरी कोणी मान्य करू नये. बिब्ब्याच्या रसाने परीट पूर्वी कपड्यांवर खुणा करीत. ती खूण सहसा जात नाही, आणि तोच रस कातडीला लागला की फोड येतात. काजूच्या टरफलातील तेलाने हात भाजलेले लोक आपल्या गावोगावी आहेत. रंगबंधकांतही सगळे सारखे नाहीत : तुरटी आणि थोडा हिराकस सांभाळून वापरता येतात, पण मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरल्यावर त्याचे पाणी ओहोळात सोडणे म्हणजे मासळीला मारणे होय. पावसाळ्यात सुपारीवर मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. काही जुन्या कृतींत रंगबंधक म्हणून पोटॅशियम डायक्रोमेट सांगितलेले असते. त्यातील क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि घरात त्याला जागाच नाही. झाडाची साल खोडाभोवती पूर्ण वर्तुळात काढली तर झाड मरते, म्हणून सालीचा रंग घेणाऱ्याने पडलेली फांदी शोधावी. आणि निळीचा इतिहास आठवायचा तर चंपारण आठवावे, जिथे शेतकऱ्याला आपल्या जमिनीच्या वीस भागांपैकी तीन भागांत नीळ लावण्याची सक्ती होती आणि जिथे १९१७ मध्ये गांधीजींना जावे लागले. ती नीळही शंभर टक्के वनस्पतीचीच होती.

प्रत्येक रासायनिक रंगाने कर्करोग होतो, हेही खरे नाही. अझो या कृत्रिम रंगांच्या गटातील काही रंगांपासून घातक अमाइन द्रव्ये सुटतात हे सिद्ध आहे, आणि म्हणूनच १९९० च्या दशकात भारत सरकारने अशा एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. त्यावरून सर्व रंग तसे ठरत नाहीत. रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न मात्र खरा आणि गंभीर आहे. तामिळनाडूतील तिरुपूरच्या नोय्यल नदीच्या प्रदूषणामुळे मद्रास उच्च न्यायालयाला २०११ मध्ये तेथील रंगाई कारखाने बंद ठेवण्याचा आदेश द्यावा लागला. संदेशाने या प्रश्नाविषयी चार ओळी लिहिल्या असत्या तर त्याचे मी स्वागतच केले असते.

रंग उतरला म्हणजे कापड बनावट, या कसोटीवर तर उत्तम नीळही नापास होईल. निळीच्या पिंपातून कापड बाहेर काढतात तेव्हा ते पिवळट-हिरवे असते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. या क्रियेत निळीचे कण तंतूत आणि तंतूवर अडकतात, त्यांपैकी वरचे सुरुवातीला घासून निघतात. झाडाची आणि कारखान्याची नीळ यांचे रंगद्रव्य एकच असल्यामुळे दोन्ही अशाच वागतात. कस पाहायचाच असेल तर कापडाची एक पट्टी पुठ्ठ्याने अर्धी झाकून उन्हाच्या खिडकीत काही आठवडे ठेवावी आणि दोन्ही भाग शेजारी धरून पाहावेत. यातून रंग किती टिकाऊ आहे ते कळते. तो कुठून आला ते मात्र कळत नाही.

आता दुरुस्तीकडे येते. जाड नायलॉनचा दोरा जुन्या सुती कापडात घातला की ताण पडताच दोरा शाबूत राहतो आणि कापड कापले जाते. टाक्यांच्या बाजूनेच नवी चीर पडते. दुरुस्तीचा दोरा कापडाच्या ताकदीचा किंवा त्याहून थोडा हलका असावा, म्हणजे तुटायची वेळ आली तर आधी तो तुटेल आणि तो पुन्हा घालता येईल. हाताची शिवण मजबूत असते का, याचे उत्तर टाक्यावर अवलंबून आहे. नुसता धावदोरा ताणाच्या जागी टिकत नाही. उलटी टीप टिकते, कारण तिथे प्रत्येक टाका मागे वळून आधीच्या टाक्याला भिडतो. ठिगळासाठी नवे कोरे कापड घ्यायचे तर ते आधी धुऊन आटवावे आणि त्याचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांच्या दिशेने ठेवावेत. रफू करताना भोकाच्या कडेवर न थांबता शाबूत कापडात बोटभर आत जावे आणि प्रत्येक वळणावर धाग्याची बारीक सैल कडी सोडावी, म्हणजे धुण्यात दोरा आटला तरी कापड चुणत नाही.

आणि कपाट रिकामे करण्याचा सल्ला सर्वांत वाईट. जो कपडा आधीच तयार झाला आहे, त्याचे पाणी, रंग आणि श्रम खर्च होऊन गेलेले आहेत. तो टाकून त्याच्या जागी ‘नैसर्गिक’ नवा घेतला तर तेवढाच खर्च दुसऱ्यांदा होतो. पॉलिस्टरची साडी घरी मंजिष्ठेत बुडवून ‘शुद्ध’ करण्याचा प्रयत्नही करू नये, कारण त्या तंतूवर हा रंग बसत नाही. ती वाकळीत घालावी. आपल्याकडे वाकळ शिवणाऱ्या बायकांनी कापडाची जात कधी विचारली नाही. शेजारच्या उत्तर कन्नडमधील हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी बायका, ज्यांच्यापैकी अनेकींचे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकी गुलाम होते, अशाच जुन्या साड्यांचे आणि शर्टांचे तुकडे कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याने शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांत त्रिकोणी घड्यांची फुले लावतात. त्यांत सूतही असते आणि पॉलिस्टरही. इथे धावदोरा पुरतो, कारण ओळी जवळजवळ असतात आणि ताण एका टाक्यावर न येता शेकडो टाक्यांत वाटला जातो. कपाटातून जे बाहेर काढायचे असेल, ते या कामासाठी काढावे.