उताऱ्यात असं लिहिलेलं नाही

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. दुपारी ताईने व्हॉट्सॲपवर भाचीच्या मराठीच्या पेपरचा फोटो पाठवला, पोरगी चौथीत आहे. उतारा धामणीवर. छान उतारा होता खरं तर, धामण बिनविषारी, दिवसा फिरते, सहा-सात फूट सहज वाढते, उंदीर बेडूक पाखरं अख्खी गिळते, दात बारीक आणि आतल्या बाजूला वळलेले म्हणून एकदा धरलेलं भक्ष्य सुटत नाही वगैरे. आणि खाली कोणीतरी डोकं लावून काढलेला प्रश्न, 'धामण गाईचं दूध पिते असं म्हणतात. हे खरं असेल का? उताऱ्याच्या आधारे लिहा.' दोन मार्कांना.

भाचीने लिहिलं, 'नाही. तिचे दात आत वळलेले आहेत. तिने आचळ धरलं तर सुटणार नाही, गाईला दुखेल आणि गाय लाथ मारेल.'

शून्य. बाजूला लाल पेनाने, 'उताऱ्यात असं लिहिलेलं नाही.'

आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उतरवली, 'धामण उंदीर खाते म्हणून तिला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात.' तिला दोनपैकी दोन! अहो यात दूध कुठंय? गाय कुठंय? पण ओळ उताऱ्यातली ना, मग झालं.

आपल्याकडे उतारा सोडवायची एक ठरलेली ट्रिक आहे, क्लासवाले तर पैसे घेऊन शिकवतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, बोट ठेवा, मागच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत उतरवून काढा. 'टुमकीने झाबर ढोलीत लपवले. टुमकीने झाबर कुठे लपवले?' ढोलीत. घ्या मार्क. टुमकी कोण आणि झाबर खायचं का ल्यायचं, कोणाला काय पडलंय? आणि मग हीच पोरं मोठी होऊन कुठलाही फॉरवर्ड डोळे झाकून पुढे ढकलतात तेव्हा आपणच कपाळावर हात मारतो.

'लाथ मारेल' हे उताऱ्यात नाही, कबूल. पण दातांची ओळ आहे ना! पोरीने नेमकी तीच उचलली, घरच्या गोठ्यात रोज गाय बघते ते त्याला जोडलं, आणि जे कुठेच लिहिलेलं नाही तिथवर पोचली. यालाच वाचणं म्हणतात ना? की नुसतं खडाखडा मोठ्याने म्हटलं की झालं वाचन?

बरं, मुलं मनाला येईल ते लिहितात हेही खरं. 'धामणीच्या शेपटीत विष असतं' असंही कोणीतरी त्याच पेपरात लिहिलं असणार. त्याला काटा मारायलाच हवा. पण काटा मारताना त्याला आणि भाचीला एकाच मापाने मोजायचं? एकाकडे ओळ आहे, दुसऱ्याकडे नाही, इतका साधा फरक आहे.

आणि शिकवणं इतकंही अवघड नाही हो. मी आमच्या वाडीतल्या पोरांना मण्यार आणि कवड्यावर चार-चार ओळी लिहून देते. मण्यार जहाल विषारी, तिचे पांढरे पट्टे मानेजवळ पुसट नाहीतर नसतातच, शेपटीकडे ठळक. कवड्या बिनविषारी, त्याचं उलटं, मानेपासून ठळक सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात. मग नाव झाकलेले दोन फोटो ठेवायचे. कोण कोण आहे सांग, आणि ज्या ओळीवरून सांगतोस तिच्यावर बोट ठेव. पहिल्यांदा सगळे नुसते ओरडतात, मण्यार मण्यार! बोट ठेव म्हटलं की गप्प. मग एकजण हळूच वाकून परत वाचायला लागतो, पुटपुटत, फोटोतल्या सापाच्या मानेवर एक बोट आणि कागदावर दुसरं. मला तो क्षण फार आवडतो. (हे फोटोपुरतंच हं. खरा साप दिसला तर लांब व्हायचं, सर्पमित्राला बोलवायचं, पट्टे मोजत बसायचं नाही.)

तपासणाऱ्या बाईंचंही मी समजू शकते. पेपरांचा गठ्ठा, वर ऑनलाइन माहिती भरा, मध्येच निवडणुकीचं काम, त्यात प्रत्येक पोराचं डोकं वाचत कोण बसणार? नमुना उत्तर समोर ठेवून भराभर पुढे जायचं. ठीक आहे. पण मग असा प्रश्न काढायचाच कशाला? 'धामण काय खाते' विचारा आणि मोकळे व्हा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. भाचीचे आजोबा, म्हणजे ताईचे सासरे, धामण रात्री गोठ्यात येऊन गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं छातीठोक सांगतात. पोरगी हे ऐकतच मोठी झालीय. म्हणजे आजोबांचं सोपं उत्तर तिच्याकडे तयार होतं, तरी तिने कागदावर जे आहे ते वाचून 'नाही' लिहिलं. चौथीतल्या पोरीने! आता शून्य बघून तिने आईला विचारलंय, म्हणजे आजोबा बरोबर होते का गं? काय सांगायचं तिला? मी फोनवर म्हटलं, तू बरोबर आहेस बाळा, सापाला चोखायला लागतात तसे ओठ-गालही नसतात. तर म्हणते, 'पण मावशी, हे पण उताऱ्यात नव्हतं.'

ताई उद्या शाळेत जाऊन बाईंना भेटणार आहे, भांडायला नाही, मीच तिला शांतपणे बोल म्हणून बजावलंय. आणि कमेंटमध्ये 'आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय' लिहिणाऱ्यांनी कृपया सोबत गोठा, गाय आणि पाहिलं तेव्हा कंदील कोणाच्या हातात होता तेही लिहावं.